तीन शिट्यांचा पालक आणि चिमूटभर सोडा

गोव्यात थंडीची चाहूल लागली आणि बाजारात पालेभाज्यांच्या जुड्या दिसू लागल्या की मोबाइलवरच्या घरच्या गटांतून एक पाककृती फिरू लागते. मजकुरात थोडाफार फरक असतो, गाभा असा: ‘हॉटेलसारखी हिरवीगार पालकाची करी दहा मिनिटांत. निवडलेला पालक, टोमॅटो, कांदा, मिरच्या कुकरात घाला. चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. तीन शिट्या करा, मिक्सरमधून काढा, फोडणी द्या. पालकाचं पाणी फेकू नका, सगळं लोह त्यातच असतं. पनीर घालू नका, ते लोह मारतं. उरलेली करी पुन्हा गरम करू नका, विष होतं. तांबड्या भाजीलाही हीच रीत.’ तांबडी भाजी म्हणजे लाल माठ.

यातल्या तीन वाक्यांत थोडंफार तथ्य आहे. बाकीची वाक्यं चांगली भाजी वाया घालवणारी आहेत, आणि पालकाची जुडी हल्ली तशी स्वस्त राहिलेली नाही.

सुरुवात सोड्यापासून करू, कारण लोकांचा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर आहे. सोड्याने पालक हिरवा दिसतो, हे खरं आहे. पानातल्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. पान तापलं की पेशी फुटतात आणि पानातलीच आम्लं बाहेर येतात. ती मॅग्नेशियमला हुसकून लावतात, आणि हिरव्या रंगाचा शेवाळी, मग खाकी होतो. सोडा या आम्लांना मारतो म्हणून रंग टिकतो. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. पानाच्या पेशींच्या भिंती ज्या पदार्थांनी जुळलेल्या असतात त्यांनाही तो विरघळवतो. मग पानाचा लगदा होतो, बोटांत घेतला तर बुळबुळीत लागतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. शिवाय ब१ आणि क ही जीवनसत्त्वं सोड्यासारख्या अल्कलीत टिकत नाहीत. रंग वाचवायला भाजीतला जीव घालवायचा, असा हा सौदा आहे.

पाककृतीत त्याच कुकरात टोमॅटोही आहे, ही तर आणखी मोठी गोची. टोमॅटो आंबट, सोडा त्याच्या उलट. दोघं भांड्यात एकमेकांना खाऊन टाकतात. चिमूटभर सोडा दोन टोमॅटोंच्या आंबटपणातच संपतो आणि पालक शेवटी खाकीच होतो. टोमॅटोला पुरून उरेल इतका सोडा घातला तर रंग राहील, पण ती करी तोंडात घालवणार नाही.

आता कुकर. तीन शिट्यांना गॅस लावल्यापासून वाफ जाईपर्यंत पंधरा मिनिटं सहज जातात, आणि आत तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पालकाला उकळत्या पाण्यात एक मिनिट पुरतं. कुकर हे डाळीचं, आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) भांडं आहे, पानाचं नाही. बंद झाकणाचा दुसरा तोटा असा, की पानातली जी आम्लं वाफेबरोबर उडून गेली असती ती झाकणाला लागून पुन्हा भाजीतच ठिबकतात. म्हणून पालक कढईत करतानाही झाकण ठेवायचं नाही. जुन्या बायका ‘हिरवी भाजी उघडी शिजव’ म्हणतात त्यामागे हेच कारण आहे.

हिरवा रंग हवा असेल तर करायचं ते एवढंच. मोठ्या टोपात तीन लिटर पाणी खळखळ उकळू द्या. त्यात पालक दोन-तीन भागांत टाका, एकदम सगळा नको, नाहीतर पाण्याची उकळी बसते आणि पानं नुसती कोमट पाण्यात शिजत राहतात. पाणी भरपूर असलं की पानातली आम्लंही त्यात पातळ होतात. पंचेचाळीस सेकंद ते एक मिनिट झालं की झाऱ्याने काढून थेट थंड पाण्यात टाका. माठातलं पाणी चालेल, पण ते एकदा बदला, कारण पहिलं पाणी लगेच कोमट होतं. गार झाला की मुठीत दाबून पिळा. इथे बहुतेकांची घाई नडते. गरम पालक तसाच चाळणीत निथळत ठेवला तर तो आतल्या उष्णतेने शिजतच राहतो, आणि पाच मिनिटांत रंग उतरतो. गरम पालक मिक्सरात घातला तर तेच होतं, वर वाफेने झाकण उडायची भीती वेगळी.

उकळत्या पाण्यात चिमूटभर साखर घातली की रंग टिकतो, अशी पुस्तीही काही जण जोडतात. हरितद्रव्य टिकवायला साखरेचा उपयोग नाही. पालकाचा तुरटपणा तिने जरा बोथट होतो, तेवढंच.

‘पाणी फेकू नका’ हा मुद्दा नीट उलगडायला हवा, कारण त्यात अर्धं सत्य आहे. लोह पाण्यात जात नाही, ते बहुतेक पानातच राहतं. पाण्यात जातं ते क जीवनसत्त्व आणि फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व. पालक तीन-चार मिनिटं उकळला तर फोलेट साधारण निम्मं उतरतं, वाफवला तर जवळपास सगळं राहतं. म्हणून पाणी टाकण्याची किंमत आहे, हे मान्य. पण त्याच पाण्यात पालकातलं विरघळणारं ऑक्झलेटही जातं, म्हणजे कॅल्शियमला धरून बसणारा पानातला एक पदार्थ. पालक खाल्ल्यावर दातांवर जी खरबरीत किटण जाणवते ती ऑक्झलेटची. मुतखड्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे सर्वांत जास्त आढळतात. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे त्यांच्या ताटात ‘पौष्टिक’ म्हणून पालकाचं पाणी वाढणं हा घातकी सल्ला आहे. अशांच्या घरी उकळून, पिळून, पाणी ओतून टाकूनच पालक करावा, तोही अधूनमधून आणि डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर.

बाकीच्यांना दुसरी वाट आहे. पालक धुऊन निथळा आणि पानांना चिकटलेल्या पाण्यावरच रुंद कढईत मोठ्या आंचेवर दोन-तीन मिनिटं परता. फेकायला पाणी उरतच नाही. रंग उकळून गार केलेल्या पालकाइतका लखलखीत येत नाही, पण चव जास्त भरीव लागते. रोजच्या जेवणाला हीच रीत बरी. पाहुण्यांसाठी हिरवीगार करी हवी असेल तर पहिली.

आणि ते ‘सगळं लोह’ म्हणजे किती? शंभर ग्रॅम कच्च्या पालकात पावणेतीन ते तीन मिलिग्रॅम. २०२०च्या भारतीय शिफारशींप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. म्हणजे पालकाची वाटी बाईच्या गरजेचा जेमतेम दहावा भाग देते, आणि त्यातलंही शरीर फार थोडं उचलतं. ते जास्त उचललं जावं म्हणून ताटात लिंबू पिळा. मासळीबरोबर खाल्ली तर पालेभाजीतलं लोह आणखी चांगलं शोषलं जातं, त्यामुळे गोंयकाराचं नेहमीचं ताट या बाबतीत मुळातच बरं आहे. सोमवारी-गुरुवारी मासळी नसते, त्या दिवशी लिंबाची फोड विसरू नये. चहा मात्र जेवणाला लागून नको, तासभर जाऊ द्या. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला गोळ्या बाजूला ठेवून ‘पालक खा’ म्हणणाऱ्या नातलगांना हे आकडे आवर्जून दाखवावेत.

यावरून पनीरचा मुद्दा लगेच सुटतो. कॅल्शियममुळे त्या जेवणातल्या लोहाचं शोषण काहीसं कमी होतं, हे खरं. पण पालकातलं मिळणारं लोह मुळातच थोडं आहे, त्यातलं थोडं गेल्याने आकाश कोसळत नाही. उलट पनीरमधलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि त्याला रक्तात जाऊ देत नाही. पालकाच्या स्वतःच्या कॅल्शियमवर मात्र विसंबू नये. ते ऑक्झलेटने बांधलेलं असतं, शरीराला पाच टक्क्यांच्या आसपासच मिळतं. पनीर घालावं, खुशाल घालावं.

आता करी. चौघांसाठी दोन मध्यम जुड्या, निवडून साधारण ४०० ग्रॅम. टोप भरून दिसणारा हा पालक शिजल्यावर दोन मुठी होतो, म्हणून कच्च्या पालकाकडे बघून मीठ घालू नये. सगळ्यात जास्त करी इथेच खारट होते. पानं पाण्यात बुडवून हलवा आणि वरून उचलून घ्या. पातेलं चाळणीत ओतलं की तळाची माती पुन्हा पानांवर बसते. पावसाळ्यात चोर्ला घाटातून येणाऱ्या बेळगावच्या पालकाला तीन पाणी तरी लागतात. कोवळे देठ टाकू नका, बारीक चिरून वेगळे ठेवा.

अर्धी वाटी खोवलेला नारळ, एक चमचा थेंबभर तेलावर भाजलेले धने, पाच-सहा मिरीदाणे आणि दोन हिरव्या मिरच्या अर्धी वाटी पाण्यात गंधासारखं वाटून घ्या. लाल मिरची इथे नको, हिरव्यात लाल मिसळलं की तपकिरीच होतं. हळदही चिमटीएवढीच. दोन मोठे चमचे खोबरेल तेलात मोहरी, चार-पाच ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, मग एक बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात, शेवटची दोन मिनिटं देठ त्यातच परता. वाटण आणि एक वाटी पाणी घालून मंद आंचेवर पाच मिनिटं ठेवा, धण्याचा कच्चा वास गेला पाहिजे. खळखळ उकळू नका, नारळाचा रस फुटतो आणि वर तेल, खाली चोथा होतो. मसाला पूर्ण तयार झाल्यावरच पिळलेला, जाडसर चिरलेला पालक घाला. मीठ पाऊण चमचा. उघड्यावर दोन-तीन मिनिटं, बस्स.

आंबट सगळ्यात शेवटी, आणि गॅस बंद केल्यावर. पालकाच्या करीत रंग जाण्याचं मुख्य कारण आंबट चुकीच्या वेळी घालणं हेच असतं. आमसुलं उकळत्या करीत टाकली तर दहा मिनिटांत भाजी खाकी होते. त्याऐवजी दोन आमसुलं पाव वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा, आणि ते पाणी खाली उतरवलेल्या करीत ढवळा. त्यानेही रंग किंचित दबतो. अगदी हिरवा हवा असेल तर लिंबू, तेही ताटात. टोमॅटोच हवा असेल तर एक लहान घ्या आणि कांद्याबरोबर पूर्ण गळू द्या. शिजून त्याचा आंबटपणा जात नाही, म्हणून अशी करी झाल्या झाल्या वाढावी.

पुन्हा गरम केल्याने विष होतं का? गरम करण्याने नाही. पालकात नायट्रेट असतं आणि शिजलेली भाजी ओट्यावर तासन्‌तास उघडी राहिली की जिवाणू त्याचं अपायकारक नायट्राइट करतात. दोष ओट्यावरच्या वेळेचा, दुसऱ्यांदा पेटवलेल्या गॅसचा नव्हे. करी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली, दुसऱ्या दिवशी एकदाच चांगली उकळली, तर मोठ्या माणसांना धोका नाही. तान्ह्या बाळाला मात्र ठेवलेला पालक भरवू नये, त्याच्या रक्ताला नायट्राइट झेपत नाही. आपल्या दमट हवेत नायट्राइटच्या आधी नारळाचं वाटणच आंबतं, सकाळची करी संध्याकाळी वास मारते. उद्यासाठी ठेवायचं असेल तर उकळून पिळलेल्या पालकाचे गोळे फ्रिजमध्ये ठेवा आणि वाटण ताजं करा.

शेवटी तांबडी भाजी. हिला पालकाची रीत लावणं ही या पाककृतीतली सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक आहे. पालकाचं हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, तांबड्या भाजीचा लाल रंग मात्र विरघळतो. ती उकळून पिळली तर सगळा रंग मोरीत जातो आणि हातात मळकट हिरवी पानं उरतात. सोड्याने हा रंग बिघडतो. आंबटाचं तिला वावडं नाही, तिचा लाल रंग थोड्या आंबटात उलट चांगला राहतो. तेव्हा पाण्याचा थेंबही न घालता करायची. तेलात कांदा आणि हिरवी मिरची, त्यावर बारीक चिरलेली भाजी, मध्यम आंचेवर पाच-सहा मिनिटं तिच्याच अंगच्या पाण्यात. फणसाच्या बिया घालायच्या तर त्या आधी वेगळ्या उकडून, सोलून, तुकडे करून घ्या, कारण बी शिजेपर्यंत पान राहत नाही. पाणी आटत आलं की मीठ, आणि उतरवताना मूठभर खोवलेला नारळ. नारळ गुलाबी झाला म्हणजे रंग भाजीतच राहिला.