घोंगडीला कसर लागलीय आणि म्हणे भिंतीला ओल आलीय!

डोकं फिरायची वेळ आलीय आता. छताखालच्या कोपऱ्यात पुन्हा कसरीच्या अळीची ती चपटी राखाडी पाकिटं चिकटलेली! परवाच झाडून काढली होती. शेजारी म्हणतात, "ओल आहे, पोपडे सुटलेत." फवारणीवाला म्हणतो, "माती आहे हो." अहो, माती कधी भिंत चढते का?

दोन मिनिटं उभं राहून बघा की जरा! एका टोकातून काळपट डोकं बाहेर येतं, मागून तीन जोड्या पाय, आणि अळी अख्खं घर ओढत वर निघते. बोट लावलं की आत. थोड्या वेळाने दुसऱ्याच टोकातून बाहेर! दोन्हीकडून उघडं असतं ते. आतून रेशीम, वरून धूळ आणि वाळूचे कण चिकटवलेले. दिसायला भोपळ्याची बी, म्हणून कुणी लक्ष देत नाही आणि ती मेली निवांत खात बसते.

खाते काय, तर कोळ्यांची जुनी जाळी, गळलेले केस, मेलेले किडे आणि लोकर. आजोबांची सांगोल्याकडची घोंगडी आहे आमच्याकडे, सनगरांनी विणलेली, काळीभोर. तिच्या काठाची चाळण केलीय! हे सांगितलं तर लोक म्हणतात, "मग चादरी सांभाळा." सोलापूरात राहून इतकं कळू नये? आपली चादर सुताची. स्वच्छ सुताला ही अळी तोंड लावत नाही, तिला लोकर, केस, पिसं असलं प्राण्याचंच लागतं.

आणि तो फवारणीवाला! उडणाऱ्या बारक्या पतंगांवर औषध मारलं आणि निघाला. अरे, पतंग काही खातच नाही. मादी भेगांत 200 पर्यंत अंडी घालून मोकळी होते. दहाएक दिवसांत अळ्या निघतात, मग सुमारे 50 दिवस नुसतं चरणं, आणि कोषसुद्धा त्याच पाकिटात. अडीच महिन्यांच्या या फेऱ्यात नासधूस सगळी अळीची, आणि ती पाकिटात दडून बसलेली.

घोंगडी मी गच्चीवर टाकते, आपल्या मेच्या 43 अंशांच्या उन्हात, काठीने झोडपून. पण घरात अळीचा चारा तसाच राहिला तर काय उपयोग? म्हणून फवारणीवाल्याला म्हटलं, कपाट सरकवा, मागची जळमटं, केसांचे पुंजके काढा, मग मारा काय मारायचं ते. तर म्हणे, "ते आमच्याकडे येत नाही, मॅडम." मग पैसे कशाचे घेतलेत?