‘लेकराला हृदयाची औषधं देऊ नका’ म्हणणारा मेसेज जीवावर बेतू शकतो

विदर्भात गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “हृदयातलं भोक आपोआप बुजतं. हृदयाच्या औषधांची लेकराला सवय लागते. धाप लागलीच तर आजोबांची गोळी चतकोर करून द्या.”

भोक बुजतं, हे अर्धं खरं आणि म्हणूनच फसवं. लहान भोकं पुष्कळदा बुजतात. पण दूध पिताना कपाळावर घाम, दोन घोटांत दम, शांत झोपेतही मिनिटाला ६० च्या वर श्वास आणि वजन जागचं हलत नाही, अशा लेकराची वाट पाहत बसायचं नसतं. औषधाने भोक बुजत नाही, हेही खरंच. फ्युरोसेमाइड फुप्फुसात साचलेलं पाणी लघवीवाटे काढतं, एनालाप्रिल रक्तवाहिन्या सैल करून हृदयाचा भार उतरवतं. तेवढ्या उसंतीत लेकरू दूध पितं, अंग धरतं, ऑपरेशनला तयार होतं.

सवय वगैरे काही नाही. मनानेच औषध बंद केलं की पाणी पुन्हा साचतं, म्हणून धाप परत येते.

सगळ्यात घातक ती चतकोर गोळी. आजोबांची डिगॉक्सिनची (हृदयाचे ठोके जोरकस करणाऱ्या औषधाची) गोळी २५० मायक्रोग्रॅमची. चतकोर म्हणजे ६२ च्या वर. चार किलोच्या लेकराला डॉक्टर एका वेळी साधारण २० देतात. म्हणजे तिप्पट! लेकरांचं पातळ औषध वेगळं मिळतं. १ मिलीत ५० मायक्रोग्रॅम असेल, तर २० म्हणजे ०.४ मिली, तेही १ मिलीच्या सिरिंजने. चमच्याने कधीच नाही. ०.४ ऐवजी ४ मिली गेलं तर दहापट विष. डोस दिल्यावर उलटी झाली तरी पुन्हा देऊ नका. वारंवार उलट्या, दूध नाकारणं, नाडी मंद होणं ही डोस जास्त झाल्याची खूण असू शकते. पुढचा डोस थांबवून थेट दवाखाना गाठा.

मे महिन्याच्या उन्हात हगवण लागली तर फ्युरोसेमाइड आणि एनालाप्रिल सुकलेल्या लेकराची किडनी बिघडवू शकतात. पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक हृदयात भोक असलेली लेकरं शोधून पुढे पाठवतं. डोस वजनावर ठरतो, वजन वाढलं की तो बदलावा लागतो. म्हणून तपासणीला जाताना वजनाची नोंद, औषधाची बाटली आणि रोजची सिरिंज तिन्ही सोबत न्या, आणि किती भरता ते डॉक्टरांना भरूनच दाखवा.