पुडीत काय आहे ते तरी विचार

काल कट्ट्यावर जाम वाजलं आमचं, अजून डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहितोय.

विन्याला दरवर्षी गाजरगवत फुललं की त्रास, एका दमात पंधरा-वीस शिंका, डोळे लालभडक, रात्री छाती वाजते. यंदा मात्र नाक एकदम साफ. म्हणे एका वैद्याकडनं पुड्या आणल्यात, दोन महिने झाले, तिसऱ्याच दिवशी फरक पडला म्हणून दम्याचा पंप बंद करून टाकला!

"काय आहे त्यात?"

"जडीबुटी. घराण्याचं औषध आहे, नाव सांगत नाहीत ते."

मी भडकलोच. तर बापू माझ्यावरच, "तुला झाडपाल्याचं वावडंच आहे."

अरे वावडं कसलं, आजीच्या हातचा अडुळशाचा रस आणि मध घेऊन मोठा झालोय मी. त्याच अडुळशातल्या वासिसीनवरनं ब्रोमहेक्झिन बनलं, कफ सुटायला डॉक्टर आजही देतात. आणि विन्या डोळ्यात घालतो ना, ते क्रोमोग्लायकेटचे थेंब, त्याचं मूळ इजिप्तकडच्या खेल्ला नावाच्या झाडात आहे, रॉजर अल्टूनियन म्हणून डॉक्टर होता, स्वतः दम्याचा पेशंट, त्यानं नवीन नवीन द्रव्यं स्वतःवरच तपासत ते शोधून काढलं. म्हणजे झाडात दम आहेच की! पण तिथे काय घेतलं, किती घेतलं, सगळं लिहिलेलं होतं.

"पण झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो," राजू म्हणाला.

ज्येष्ठमध रोज भरपूर खाऊन बघ, बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला सूज आल्याच्या केसेस छापल्या. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, की ती दुसरीच, तिच्यासारखी दिसणारी वेल असू शकते. बरं, असेलही, पण मग पुडीत कुठली वेल कुटलीय हे विन्याला कसं कळणार?

बापू गप्प झाला. मी विन्याकडे नीट बघितलं, दिव्याखाली चेहरा गरगरीत गोल, गाल वर आलेले. भूक विचारली तर म्हणे रात्री दोनला उठून पोळी खातो.

पोटात गोळाच आला माझ्या. दम्याच्या अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं याआधी सापडलंय, आणि तीन दिवसात फरक पडतो तो त्यानंच, चेहरा असा गोल होतो आणि भूक वाढते तीही त्यानंच.

विन्या घाबरला, "आजपासनं बंद करतो."

"अजिबात नको!" एवढ्या जोरात ओरडलो की चहावाला बघायला लागला. स्टिरॉइड असेल तर शरीरानं स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं, एकदम सोडलं तर माणूस कोसळू शकतो, ते डॉक्टरनीच हळूहळू उतरवायचं असतं.

बापूच म्हणाला, सकाळी छातीच्या डॉक्टरकडे जा, उरलेल्या पुड्या बरोबर घे. विन्यानं खिशातनं वर्तमानपत्राच्या कागदातल्या चार काढल्या, तीन माझ्याकडे दिल्या आणि रात्रीची एक स्वतःकडे ठेवली. नऊला त्याच्या घरी जातोय मी.