दारू सुटली, मग आता गोळ्या कशाला?

"दारू सुटली की डोकं आपोआप ठिकाणावर येतं," असं पारावर लई खात्रीनं सांगतात. अर्धवट खरंय. दारूसोबत नैराश्य, बायपोलर (कधी अति उत्साह, कधी अति उदासी) किंवा संशयाचा आजार असेल तर दोन्हींवर उपचार एकदमच लागतात, शक्यतो एकाच मानसोपचारतज्ज्ञाकडं.

रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडू नका. ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास होतात, माणूस बरळतो. त्याला 'बाहेरचं' म्हणत देवऋषी गाठण्यात जीव जातो. संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल तिथं भरती करा. गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका, सोबत थायमिन म्हणजे बी-१चं इंजेक्शन लागतंच.

नंतरचे दोन-चार आठवडे बहुतेकांची झोप उडते, मन उदास राहतं. त्यापुढंही तसंच राहिलं तर तो वेगळा आजार समजा. मरणाचे विचार येत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नका. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात, अन् आपली माणसं आठव्या दिवशीच पाकीट फेकतात.

चहातून गुपचूप 'दारू सोडवायची गोळी' देणं तर बंदच करा. ती बहुतेक डायसल्फिराम असते. वरून दारू पोटात गेली की बीपी कोसळतो, जीवही जाऊ शकतो, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे हा धोका राहतो. तिनं संशयाचा आजार बळावू शकतो. शिवाय घरचे चहात काहीतरी कालवतात हा त्याचा संशय तुम्हीच खरा करता!

बायपोलरवरची लिथियमची गोळी चालू असेल तर उन्हाळा जपून काढा. ४२ अंशात घाम गाळून पाणी कमी पडलं, किंवा अंगदुखीसाठी मेडिकलवरून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेतलं, की रक्तातलं लिथियम चढतं. जुलाब, उलट्या, थरथर, पाय लटपटणं, जीभ जड. घरचे म्हणतात, "पुन्हा पिऊन आला." तोंडाला वास नसेल तर भांडत बसू नका, पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठा. एरवीही लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गोळ्या फडावरच तुटतात. टोळी निघायच्या आधी डॉक्टरांना किती महिने बाहेर आहात ते सांगा, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारखान्याजवळचं सरकारी रुग्णालय विचारून घ्या. गोळ्या संपत आल्या किंवा पिण्याची तलफ आवरेना, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं.