३० सप्टेंबरला शाळेत नसलेली मुलं

दहावीचा निकाल लागला की आमच्या गावाच्या ग्रुपवर "कोकण पुन्हा अव्वल"चे फलक धडाधड पडायला लागतात. आमचं कोकण मंडळ म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोनच जिल्हे. मार्च २०१२ ला या मंडळाची पहिली परीक्षा झाली, तेव्हापासून पहिला नंबर आपलाच. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. अभिमान मलाही वाटतो. मास्तर-बाई मेहनत घेतात, आईबाप पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवतात, ते खोटं नाही.

पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. पहिलीत नाव घातलेल्यांपैकी किती जण त्या बाकापर्यंत पोचले, हे त्यात कुठेच नसतं. पाचवीत शाळा सुटलेलं पोर नापाससुद्धा होत नाही. त्यामुळे कोकणात शिक्षणाचा प्रश्न नाहीच असं मुंबईतून वाटतं, मंत्रालयातून वाटतं आणि खरं सांगायचं तर गावातल्या पक्क्या घरांतूनही वाटतं.

मी दापोली तालुक्यातला एक छोटा आंबा बागायतदार. आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत "शिक्षणतज्ज्ञ" या जागेवर मला बसवलेलं आहे. (शिक्षण बारावी. तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून.) त्या खुर्चीवरून जे दिसतं ते लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरतं, आणि संचमान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर. त्या दिवशी हजेरीपत्रकावर जी नावं आहेत आणि ज्यांचं आधार जुळलेलं आहे, ती मुलं शाळेची. आता आमच्याकडचं वर्ष कसं चालतं बघा. कातकरवाडीतली, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीतली मुलं जूनपासून शाळेत असतात. पावसात भट्ट्या बंद, बाहेर काम नाही, त्यामुळे कुटुंब घरी. ३० सप्टेंबरला ती पटावर दिसतात. दिवाळी झाली की मुकादम येतो, पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते, आणि अख्खं कुटुंब वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला जातं. थेट शिमग्यानंतर परत. काही तर पाऊस तोंडावर आल्यावर.

आणि ज्या सुमाराला कातकरी जातात, त्याच सुमाराला बागांमध्ये नेपाळी राखणदार येतात. मोहोर, फवारणी, माकडांची राखण, मग काढणी, पेट्या भरणं. मे अखेरपर्यंत बागेतल्या खोलीत बिऱ्हाड. हल्ली बायको-मुलांसकट येतात. ती मुलं शाळेत येऊन बसतात डिसेंबरात. म्हणजे ३० सप्टेंबर उलटून गेल्यावर. आधार तर त्यांच्याकडे असायचा प्रश्नच नाही.

एका शाळेत एका वर्षात पोरांचे दोन वेगळे गट शिकतात, आणि सरकारने मोजणीला दिवस असा धरलाय की एक गट मोजला जातो पण पुढे वर्गात नसतो, आणि दुसरा वर्गात असतो पण मोजलाच जात नाही. कोणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. हे वेळापत्रक पुण्यात बसून बनवलं तर असंच होणार. ऊस तोडायला जाणाऱ्यांची मुलंही साधारण याच दिवसांत शाळा सोडतात, तेव्हा हा फक्त कोकणाचा रडगाणं गायचा विषय नाही.

पट कमी दिसला की काय होतं ते गेल्या दोन वर्षांत सगळ्यांनी पाहिलंय. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत. पण १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष असे बदलले की सहावी ते आठवीत वीसच्या खाली पट गेला तर शिक्षकाचं पदच राहत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले होते. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांवर आहेत असं तेव्हा समोर आलं. डोंगर आणि पऱ्यांच्या (ओढ्यांच्या) मुलखात, जिथे एकेक गाव सात-आठ वाड्यांत पसरलेलं, तिथे असल्या शाळांची संख्या जास्त असणारच.

यावर आमच्या ग्रुपवर जे महाभारत झालं ते सांगण्यासारखं आहे. मुंबईतला एक पुतण्या म्हणाला, "काका, हिशेब करा ना. एवढ्याशा पोरांसाठी दोन पगार? त्यापेक्षा गाडी लावा आणि न्या मोठ्या शाळेत." दुसऱ्याने लिहिलं की गावातली मुलं तर व्हॅनने इंग्रजी शाळेत जातात, मग आता नेपाळ्यांच्या पोरांसाठी शाळा चालवायची का? तिसरे एक ज्येष्ठ, त्यांचं नेहमीचं: आम्ही नदी ओलांडून, अनवाणी चालत जायचो, काही बिघडलं नाही.

ज्येष्ठांचं आधी घेतो. बिघडलं नाही ते तुमचं. तुमच्याबरोबर पहिलीत बसलेले जे तिसरीतच गुरांमागे गेले ते काही ग्रुपवर नाहीत, नाहीतर त्यांनीही लिहिलं असतं. आपल्याच तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेला थेट साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पुढचा भाग मात्र गाळतो. वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना तिथून परत पाठवलं. ते कर्वे होते म्हणून पुन्हा उभे राहिले. प्रत्येक पोराने कर्वे असावं ही अट घालून सरकारी शाळा चालवता येत नाही.

गाडीचं म्हणाल तर माझा विरोध नाही. गाडी आधी येऊ दे, जुलैच्या पावसात ती वाडीपर्यंत येते का ते एक पावसाळा दिसू दे, मग शाळेला कुलूप लावायचं बघू. आमच्याकडे पऱ्याला पाणी आलं की साकवावरून (लहान पुलावरून) मोठा माणूस जायला बिचकतो. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, ते उगाच नाही. सहा वर्षांच्या मुलीचं ते एक किलोमीटर आहे.

आणि नेपाळ्यांच्या पोरांसाठी शाळा चालवायची का, याचं उत्तर एका शब्दात देता येतं: हो. संविधानातल्या कलम २१-अ मध्ये सहा ते चौदा वयाची "सर्व बालकं" म्हटलंय. आरटीईत जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मधेच आला म्हणून नाकारता येत नाही, दुसऱ्या शाळेच्या दाखल्यासाठी अडवता येत नाही. कायदा एकदम स्पष्ट आहे. शिवाय थोडा व्यवहार पण बघा. तुमची हापूसची पेटी वाशीला ज्या हातांनी भरून जाते, त्या हातांची मुलं आहेत ही.

आता मुख्य मुद्दा. ही मुलं शाळेत आली तरी शिकतात का? माझं मत असं की "शाळेत आणा" हे अर्धंच काम आहे, आणि उरलेलं अर्धं कसं करायचं हे आपल्या कोकणातच कधीचं करून दाखवलेलं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, ऐन समुद्रकाठी, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे अनुताई वाघांबरोबर ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच पाड्यावर, कुणाच्या तरी अंगणात नेली. अंगणवाडी तिथून आली. गुरं राखणारी पोरं दिवसा येऊ शकत नाहीत, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा, गुरं चरतात तिथेच. आणि मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती विकासवाडी. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असतं, म्हणून ती येत नाही. भावंडाची सोय झाली की ती आपोआप वर्गात बसते.

आज माझ्या शेजारच्या बागेत तेच दृश्य आहे. आई गवत काढायला, बाप फवारणीला, आणि नऊ-दहा वर्षांची पोरगी कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊन खोलीच्या दारात. शाळा हाकेच्या अंतरावर. अंगणवाडी तिसऱ्या वर्षापासून पोराला बसवून घेते, त्याच्या आतल्याला घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. केंद्राची "पाळणा" योजना आहे, अंगणवाडीतच पाळणाघर चालवायची. तिच्यासाठी ग्रामपंचायतीने ठराव करून मागणी करायला हवी. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने यंदा शाळेला आणखी एक टीव्ही द्यायचं ठरवलंय. आधीच्यावर अजून प्लास्टिक आहे. त्या पैशात वाडीतल्याच एखाद्या वहिनींना सहा महिने मानधन देऊन दोन-चार लहानग्यांना सांभाळायला बसवलं तर दोन मुली वर्गात येतील. उद्घाटनाचा फोटो मात्र तितका चांगला येणार नाही.

वर्गातलं आणखी एक. आरटीईत वयानुसार वर्गात बसवायचं असतं. दहा वर्षांचं पोर पाचवीत बसतं, पण त्याला मराठीतलं वाक्य वाचता येत नाही. नेपाळी मुलांना देवनागरी ओळखीची असते हे बरं, बाराखडी नवी नसते, "ळ" तेवढा अडतो. चिरेखाणीवर (जांभा दगडाच्या खाणीवर) विजापूरकडून आलेल्यांची लिपीच वेगळी. कातकरी मुलांची घरची बोली वेगळी, आणि तिच्यावर वर्गात हसतात, म्हणून ती गप्प असतात. गप्प पोर "मठ्ठ" म्हणून मागे बसतं. कायद्यात अशा मुलांसाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे, पण एका शिक्षकाच्या शाळेत ती कोण करणार? तो माणूस माहिती भरण्यात आणि खिचडीच्या हिशेबात अर्धा दिवस घालवतो.

यावर उपाय शोधायला परदेशात जायला नको. "प्रथम" संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ या काळात बालसखी हा प्रयोग केला. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि फक्त वाचन आणि आकडेमोड पक्की करायची. त्याचा रीतसर अभ्यास झाला, फायदा दिसला, आणि तो अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चं नोबेलही मिळालं. सार इतकंच: इयत्तेप्रमाणे न बसवता ज्याला जितकं येतं तिथून शिकवा. आता गंमत बघा. पन्नास जणांच्या वर्गात हे अवघड. आमच्या शाळेत पहिली ते पाचवी एकाच खोलीत बसते! तिथे इयत्ता मोडून गट करायला कुणाची परवानगी नको. छोटी शाळा ही अडचण आहे असं सगळे म्हणतात. या एका बाबतीत ती फार मोठी सोय आहे, फक्त दुसरा माणूस हवा.

बागायतदार मित्रांना थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. राखणदार ठरवताना आपण पगार, धान्य, खोली, मोबाईलचं रिचार्ज सगळं बोलतो. मुलं किती, कितवीत होती, हे विचारत नाही. ते विचारा. येताना आधीच्या शाळेचा काही कागद असेल तर आणायला सांगा. पहिल्या दिवशी स्वतः शाळेत घेऊन जा, कारण मालक बरोबर असला की "कागदपत्रं आणा, मग बघू" हे वाक्य निघत नाही. फवारणीची नळी ओढायला पोराला लावू नका. औषधाचा वास आपल्याला सहन होत नाही आणि बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याही कामाला ठेवणं गुन्हा आहे. मे महिन्यात ती निघताना काय काय शिकून झालं ते बाईंकडून एका कागदावर लिहून घ्या. पुढच्या वर्षी तेच पोर बऱ्याचदा दुसऱ्याच्या बागेत, दुसऱ्याच शाळेत येतं आणि पुन्हा "अ" पासून सुरू करतं.

कातकरवाडीचं याहून अवघड आहे, कारण तिथे मालक भट्टीवर आहे आणि तो आपल्या ग्रुपवर नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेने बसवून घ्यायचं. कार्ड हातात दिलं की इथली शाळा मोकळी झाली असं होऊ नये, तिथल्या मुख्याध्यापकांना फोन गेला पाहिजे. त्याहून बरं म्हणजे मूल इथेच राहणं. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, मुलं गावातच आजी-आजोबांजवळ राहतात आणि जेवण सरकारी खर्चाने होतं. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, अशा जमातींसाठीच्या केंद्राच्या २०२३ च्या पीएम-जनमन योजनेतही त्यांचा समावेश आहे. तेव्हा आम्हाला हंगामी वसतिगृह द्या असं म्हणताना लाजायचं कारण नाही. फक्त "अव्वल" जिल्ह्याने असली मागणी कशी करायची, असं कुणाला वाटू नये.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी दोन ठराव मांडणार आहे. पट वर्षातून दोनदा मोजावा, ३० सप्टेंबरला आणि पुन्हा जानेवारीअखेर, आणि आधार नसलं तरी रोज हजर असलेलं मूल धरावं. दुसरा हंगामी वसतिगृहाचा. एका वाडीच्या ठरावाने शासन निर्णय बदलत नाही हे मला कळतं. तालुक्यातल्या पन्नास समित्यांनी केला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना तो वर पाठवावाच लागेल. मसुदा तयार आहे, ज्यांना हवाय त्यांनी मेसेज करा. आणि ज्यांच्या बागेत यंदा मुलांसकट कुटुंब येणार आहे त्यांनी गाव, वाडी आणि मुलांची वयं तेवढी कळवा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आधीच बाईंच्या हातात यादी देता येईल.