लाडका खेळाडू विकला गेल्यास घ्यावयाची काळजी

बेसबॉलच्या एखाद्या संघावर जीव जडला की आधी एक काम करा. त्यातला एक खेळाडू 'हा जाणार' म्हणून मनाशी धरून ठेवा. बहुधा तो तुमचा सगळ्यात लाडका असतो, त्यामुळे शोधायला कष्ट पडत नाहीत.

शहर मात्र विचारपूर्वक निवडा. नवशिक्यांना बॉस्टन उत्तम, तिथे या विषयाची शंभर वर्षांची तालीम आहे. १९१९ च्या नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी इथल्या रेड सॉक्स संघाच्या मालकाने बेब रूथला कट्टर वैरी न्यूयॉर्क यांकीजच्या हवाली केलं, एक लाख डॉलरला. हा गडी चेंडूही टाकायचा आणि टोलेही हाणायचा. बॉस्टनला १९१८ नंतरचं विजेतेपद बघायला २००४ उजाडलं. लोक याला शाप म्हणतात. शाप म्हटलं की सगळ्यांचीच सोय होते, मालकाला कुणी काही विचारत नाही.

आता ताजा धडा: मुकी बेट्स. नाव मुकी, बॅट भलतीच बोलकी. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉस्टनने त्याला लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाला देऊन टाकलं.

अशी बातमी आली की रडू नका. आकडे पाठ करा. त्या वर्षी पगारांची बेरीज २० कोटी ८० लाख डॉलरच्या वर गेली की संघाला जादा कर बसायचा, आणि लागोपाठ तिसऱ्या वर्षी रेषा ओलांडली की वरच्या रकमेवर दर थेट ५० टक्के. बॉस्टनने आधीची दोन वर्षं ओलांडली होती. हे सगळं जेवणाच्या टेबलावर शांतपणे समजावून सांगा. स्वतःच्या खिशाला तोशीस नसताना मालकाचा कर वाचल्याचं समाधान चेहऱ्यावर आणता आलं, की समजा तुम्ही मुरलेले चाहते झालात. सोबत डेव्हिड प्राइस हा महागडा पिचरही (चेंडू टाकणारा) दिला आणि त्याचा अर्धा पगार बॉस्टननेच सोसायचं ठरलं, हे सांगायचं टाळलंत तरी चालेल. गाय विकायची, बरोबर बैल द्यायचा, आणि बैलाचा अर्धा चारा तीन वर्षं आपणच पोचवायचा.

'त्याला इथे राहायचंच नव्हतं' हे वाक्यही तयार ठेवा. जुलै २०२० मध्ये, डॉजर्सकडून मोसमातला एकही सामना खेळण्याआधी, त्याने तिथे १२ वर्षांचा ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. हे कुणी काढलं तर पाणी प्यायला उठा.

राहता राहिल्या आठवणी. २०१८ ची फलंदाजीची .३४६ सरासरी, ३२ होमरन (आपल्या षटकारासारखे), ३० चोरलेले बेस (टोला न बसताच पळून गाठलेले पुढचे टप्पे), सर्वोत्तम खेळाडूचा किताब, वर विजेतेपद. ही झाली पहिलीची उजळणी. लॉस एंजेलिसच्याच मैदानावर, डॉजर्सच्याच क्लेटन कर्शॉ या पिचरला त्याने मारलेला अंतिम मालिकेच्या शेवटच्या सामन्यातला होमरन दुसरीत येतो. खरी मजा पुढच्या इयत्तांत. मुळात तो आला सेकंड बेसवर खेळणारा म्हणून. तिथे डस्टिन पेड्रोया ठाण मांडून बसलेला, म्हणून २०१४ मध्ये याला लांब आउटफिल्डमध्ये पाठवलं. स्लिपमध्ये वाढलेल्या पोराला 'जा, बाउंड्रीवर उभा राहा' म्हणावं तसं. त्यात फेनवे या बॉस्टनच्या मैदानाचं राइट फिल्ड, म्हणजे उजवीकडची बाजू, म्हणजे वाड्याचं परसदार: कोपऱ्यातला खांब जेमतेम ३०२ फुटांवर आणि तिथून भिंत वळत जाते ती पार ३८० फुटांपर्यंत. चेंडू त्या वळणाला लागला की कुठे जाईल सांगता येत नाही. बेट्सने तिथे २०१६ पासून लागोपाठ चार गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा किताब) मिळवले. फावल्या वेळात पिना पाडायच्या बोलिंगच्या व्यावसायिक स्पर्धेत ३०० चा निर्दोष डावही टाकून आला.

एक आठवण मात्र जपून काढा. २०१८ च्या अंतिम मालिकेतला दुसरा सामना संपवून तो मध्यरात्रीनंतर बॉस्टनच्या सार्वजनिक वाचनालयाबाहेर उघड्यावर झोपणाऱ्यांना जेवण वाटत होता. ती कराच्या गणितात बसत नाही, आणि ऐकणारा उगीच गप्प होतो.

बदल्यात काय मिळालं याची चौकशी दरवर्षी करू नये, तब्येतीला बरं नाही. तीन जण आले. जीटर डाउन्सचं नाव यांकीजच्या डेरेक जीटरवरून ठेवलेलं. पांडवांनी दुर्योधन नावाचं पोर दत्तक घ्यावं, तसा प्रकार. बॉस्टनकडून तो १४ सामने खेळला. कॉनर वाँग कॅचर (आपला यष्टिरक्षक समजा) म्हणून टिकला. त्याला बोलू नका, त्या बिचाऱ्याने काही केलेलं नाही. ॲलेक्स व्हर्डुगोला चार मोसमांनी बॉस्टननेच यांकीजना दिलं. २०२४ ची अंतिम मालिका डॉजर्स आणि यांकीजमध्ये झाली. पाचव्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये डॉजर्सना आघाडीची धाव मिळाली बेट्सच्या टोल्यावर, आणि शेवटचा बाद झाला व्हर्डुगो. यांकीज हरले म्हणून बॉस्टनकराने टाळ्या वाजवायच्या की कपाळाला हात लावायचा? दोन्ही करा. हात तसेही दोन आहेत.

तो फेनवेवर परत खेळायला येईल तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवा. ऑगस्ट २०२३ मध्ये सगळ्या स्टेडियमने वाजवल्या. पुढच्याच महिन्यात हा व्यवहार करणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी गेली. मालक आहेत तिथेच आहेत.

आणि २०२५ च्या अंतिम मालिकेचा शेवटचा सामना बघितला नसेल तर बघू नका. तिशी उलटलेला हा माणूस तोवर डॉजर्सचा शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, झाला होता. इनफिल्डमधली सगळ्यात अवघड जागा ती. सातवा सामना, अकरावी इनिंग, टोरंटोच्या फलंदाजाचा चेंडू घरंगळत आला तो बेट्सकडेच. त्याने तो उचलला, सेकंड बेसवर पाय ठेवला, फर्स्टकडे फेकला. दोघे बाद, मालिका खलास. सेकंड बेसजवळ याला जागा नाही म्हणून ज्याला लांब पाठवलं होतं, तो त्याच बेसवर पाय ठेवून चौथ्यांदा विजेता झाला. बॉस्टनने देऊन टाकल्यानंतरचं हे तिसरं विजेतेपद.

त्याचा शर्ट टाकून देऊ नका. ५० हा नंबर त्याने तिकडेही तोच ठेवलाय, फक्त कापड निळं झालं. आपला जुना धुताना मात्र वेगळा भिजवा. लाल रंग अजून जातो.