साडेनऊ आठवडे क्लासला गेलो नाही, त्याबद्दल

सोयाबीनच्या सोंगणीले जो कराटेचा क्लास बुडला तो काल मंगळवारी परत धरला. मधे साडेनऊ आठवडे गेले. सोंगणी, मग थ्रेशरवाल्याच्या नंबरची वाट, मग कापूस वेचायला माणसं भेटत नाहीत म्हणून घरचेच सगळे वावरात, आणि ते होत नाही तर हरभऱ्याले पाणी. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आमचा कराटे क्लास तालुक्याला, मंगळवार-गुरुवार-शनिवार, संध्याकाळी साडेपाचला. गावापासून चौदा किलोमीटर. पोरीला सोडायला जायचो तेव्हा दाराशी बसून पाहायचो, आणि चौतिसाव्या वर्षी मीच पांढरा पट्टा बांधला. आता तीन वर्षं होऊन राहिली, ऑरेंज पट्ट्यावर आहे.

काल गाडी उभी केली आणि पाच-सात मिनिटं तिथंच उभा राहिलो. आतून सरांचं इच्, नी, सान् (जपानीत एक, दोन, तीन) ऐकू येत होतं आणि माझा पाय काही उचलत नव्हता. पोरगी (ती शेजाऱ्यांसोबत अधूनमधून येत राहिली, या मधल्या काळात ग्रीन झाली) परत बाहेर आली आणि म्हणे, "बाबा चला ना, काऊन थांबले?" तेव्हा आत गेलो.

मला बोलायचं आहे ते याच पाच-सात मिनिटांबद्दल. कराटे सोडलेल्या ज्या ज्या पोट्ट्यांशी मी बोललो त्यातला एकही जण कंटाळा आला म्हणून सोडलं असं म्हणाला नाही. सगळ्यांचं एकच, दोन क्लास बुडाले, मग आठवडा, मग महिना, मग "आता कोणत्या तोंडाने जाऊ". शेतीनं क्लास बुडतो हे खरं आहे, पण सुटतो तो या लाजेनं. आणि आपण सगळे बोलतो मोटिवेशनवर. रील पाहिल्या तर त्यात एकही दिवस चुकवू नका, पहाटे चारला उठा. अरे आमच्या फीडरला एक आठवडा दिवसाची लाइन असते आणि एक आठवडा रात्रीची, रात्रीच्या आठवड्यात पहाटे चारला माणूस वावरातून घरी येऊन राहिलेला असतो. त्याला तुम्ही आळशी म्हणणार का?

या साडेनऊ आठवड्यात मी काहीच केलं नाही असंही नाही. रात्रीच्या पाण्याला स्प्रिंकलर लावून दिलं की पाइप बदलायला दोन-अडीच तास असतात. थंडी अशी की बसलं तर आखडून जाते. तर धुऱ्यावरच्या वाटेवर हेइआन शोदान करायचो. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या मूव्ह, हा एकवीस मूव्हचा आहे, पहिला शिकवतात तो. गमबूट घालून, बॅटरी खुंट्याला टांगून. काळ्या मातीत पुढचा स्टान्स घेतला की मागची टाच रुतते आणि बुटाला इतका चिखल चिकटतो की प्रत्येक पाऊल दीड-दोन किलोचं होते. नवव्या मूव्हनंतर डावीकडून पाऊण चक्कर वळायचं आहे, ती चक्कर चिखलात वळताच येत नाही, आधी पाय पूर्ण उचलावा लागतो, तोल कमरेतून सांभाळावा लागतो. तीन वर्षं सर ओरडत होते "कंबर, कंबर" ते मला हरभऱ्यात समजलं. किआय, म्हणजे जोराची आरोळी, मात्र मनातच द्यायचो, शेजारच्या वावरात जागलीवर बसलेले काका डुक्कर आले म्हणून धावत आले असते.

कधी दोन वेळा व्हायचा, कधी एकदाच, आठ-दहा दिवस तर एकदाही नाही. पण काल क्लासमध्ये पाहिलं, दम गेला होता, किहोनच्या (ठोसे-किकच्या मूळ सरावाच्या) तिसऱ्या राउंडलाच छाती भरून आली, किक कमरेच्या वर जाईना. काता मात्र जिथल्या तिथं होता. शरीराचं असंच आहे, दम सगळ्यात आधी उतरतो, दोन-चार आठवड्यातच, ताकद त्याच्यापेक्षा जास्त दिवस टिकते आणि अंगाला बसलेलं वळण लय उशिरा जाते. दम परत येतो. म्हणून पहिल्या दिवशीची धाप पाहून कोणी घाबरू नका.

कराटेच्या शोतोकान शैलीचे फुनाकोशी गुरुजी, ज्यांनी 1922 मध्ये ओकिनावा बेटावरून कराटे मुख्य जपानात नेलं, त्यांच्या वीस नियमांत एक आहे की कराटे उकळत्या पाण्यासारखं आहे, सतत आच दिली नाही तर परत गार होते. बरोबर आहे, मी मानतो. पण आच म्हणजे हप्त्याचे तीन क्लासच असं कुठं आहे? आमची माय रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायची आणि सकाळी गोवरीचा तुकडा लावून फुंकणीनं फुंकायची. धुऱ्यावरचा एक काता तेवढंच काम करते.

आणि हे शहरी फॅड आहे, वावरातल्या माणसाचं काम नाही असं म्हणणारेही भेटतात. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं आहे, तिथलं पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकले जाऊन कबड्डी आणि देशी व्यायाम दाखवून आलं. माझा आजा पैलवानी करायचा. पेरणीच्या दिवसात आखाडा ओस पडायचा, मग नागपंचमीच्या आधी माती उकरून त्यात तेल, हळद, ताक टाकायचे आणि सगळे परत उतरायचे. तू इतके दिवस कुठं होता असं कोणी कोणाला विचारत नसे, कारण सगळेच वावरात होते.

म्हणून शिकवणाऱ्यांना हात जोडून सांगतो. आधी आम्ही दुसऱ्या एका क्लासला जायचो, तिथं गैरहजर राहिलेल्याला सगळ्यांसमोर उभं करून कारण विचारत. एक नववीतली पोरगी होती, किक इतकी सरळ की पाहत राहावं. घरी कापूस होता, पंधरा दिवस आली नाही. आल्यावर तिला असंच उभं केलं, "शिस्त नाही तर येऊ नको" म्हणाले. ती खरंच आली नाही परत. मी तेव्हा मागच्या ओळीत गप्प उभा होतो, ते मला अजून लागते. पोरींचं तर आधीच कठीण, अंधार पडायच्या आत घरी, शेवटची एसटी, घरचं काम, त्यात आपण दार लावून घेतलं तर ती कोणत्या भरवशावर येईल?

ग्रेडिंग दसरा-दिवाळीत ठेवू नका. सुट्टी असते हे खरं, पण आमच्याकडे तीच सोंगणी आहे. मे महिन्यात ठेवा, वावर रिकामं असते, पोरांचे पेपर झालेले असतात. आणि आलेल्याला आत घ्या, बस. काल आमच्या सरांनी एवढंच विचारलं, "झाला का हरभरा?" म्हटलं एक पाणी बाकी आहे. म्हणे, "डावीकडून शेवटच्या ओळीत लागा."

तालुक्याच्या क्लासले जे येत होते आणि आता येत नाहीत, त्यातले पाच-सहा जण तरी हे वाचत असतील. त्या ओळीत माझ्या बाजूला जागा आहे. उद्या गुरुवार. पट्टा सापडत नसेल तर बिनपट्ट्याचे या, उशीर झाला तर उशिरा या. माझ्या गाडीवर एक सीट रिकामी आहे, पोरगी पुढं बसते, पाचला फाट्यावर थांबतो.